उजव्या बाजूची काच

"आता दिसतंय काय?"

मामू हा प्रश्न काच फोडून झाल्यावर विचारायचे, आधी कधीच नाही. आधी फक्त आवाज यायचा, चाकाचे नट खोलायचा लांब पाना काचेवर आदळल्याचा. काचेत मधोमध खड्डा पडायचा, त्यातून भेगा चहूकडे धावायच्या. मग त्या जाळ्यापलीकडून शांत, जवळजवळ आपुलकीचा आवाज, "आता दिसतंय काय?" समोरचा हिंदीवाला असला तर, "अब दिखता है क्या?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जाळ्याच्या आतल्या बाजूला बसलो होतो. नाशिकहून नुकताच आलेलो. उत्तर सौदीतल्या तुरैफच्या पलीकडे, जॉर्डनच्या सरहद्दीकडच्या ओसाड माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि मी ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे वेल्डिंग तपासायच्या कामाला होतो. पहाटे पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो, गाडी हलली, आणि एक बुटका माणूस समोर आडवा आला. माकडटोपी, त्यावर मफलर, हातात पाना. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. माझ्या मांडीवर काचेचा चुरा पडला.

मी उतरून भांडायला गेलो. ड्रायव्हरने माझी बाही धरली. म्हणाला, "छोड दो. मामू है."

जणू हवामानाबद्दल बोलत होता.

सौदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऊन येतं. माझ्याही यायचं. पण उत्तरेकडचा हिवाळा माणसाला सोलून काढतो. पहाटे यार्डातल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर दव गोठून पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. नख लावलं तर नख दुखतं. तो काढायला प्रत्येकाकडे आपापलं हत्यार. कुणाकडे मोबाइल रिचार्जचं जुनं कार्ड, कुणाकडे तेलाच्या डब्याचं झाकण, कुणी रबरी चपलेच्या कडेने घासतो. आम्ही सगळे गरम गावांची माणसं. कोकण, केरळ, बिहार, सिंध. नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी किचनमधून उकळत्या पाण्याची किटली आणून काचेवर ओततो, आणि काच तडकते. तो जणू आमचा बाप्तिस्मा होता.

पूर्ण काच कुणी साफ करत नसे. ड्रायव्हर आपल्या नाकासमोर थाळीएवढी जागा खरवडायचा. तिला यार्डात 'डोळा' म्हणत. डोळा काढला की यल्ला, निघा. उरलेला बर्फ हीटर वाटेत वितळवेल. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडची बाजू पांढरीच राहायची. मामू अशा गाडीला काणी म्हणायचे. "काणी बस", "काणा टँकर".

आळशीपणा होता का हा? मलाही आधी तसंच वाटलं. कामगाराला आळशी म्हणणं सोपं असतं, त्याला पुरावा लागत नाही. खरं कारण एका खिडकीत होतं. ट्रान्स्पोर्ट ऑफिसच्या त्या खिडकीतून गाड्यांच्या किल्ल्या मिळायच्या, आणि त्या मिळायच्या निघायच्या वेळेला अगदी चिकटून. आधी दिल्या तर ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून हीटरची ऊब घेत बसतात, डिझेल जळतं. पण हीटर लागल्याशिवाय तो थर पटकन सुटत नाही. आणि उशीर झाला तर बसमधल्या सगळ्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी जाते. म्हणजे काच साफ करायला वेळ द्यायचा नाही, आणि वेळ घेतला तर शिक्षा करायची. हा नियम कुणी रागाने केला नव्हता. एका अतिशय सभ्य माणसाने केला होता.

ट्रान्स्पोर्टचे साहेब पुण्याचे. आवाज कधी चढायचा नाही. शिपायालाही "अहो" म्हणायचे. मी पहिल्यांदा किल्ल्यांचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "अहो, डिझेल काय आकाशातून पडतं का?"

दारात मामू उभे होते. म्हणाले, "नाय साहेब. हितं तर जमिनीतनंच येतं."

साहेब हसले. किल्ल्यांची वेळ बदलली नाही.

मामू रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. बसचे ड्रायव्हर. आधी बरीच वर्षं रियाधला, अल सुलैच्या गोदामांत ट्रेलर चालवलेला. उंची माझ्या खांद्याएवढी, पण पंजे असे की स्टीअरिंग त्यांच्या हातात पोळपाटासारखं दिसायचं. प्रत्येक वस्तूशी ते मारामारीनेच बोलायचे. दार लागलं नाही की लाथ. टायरला बुक्की. चहाचं मशीन अडलं की त्याच्या कानफटात. बर्फाशी तर त्यांचं उभं वैर. कार्डाने घासता घासता त्याला शिव्या घालायचे, आणि त्या अशा, की त्यात बर्फाची आई, बहीण आणि खाडीपलीकडचं सगळं गाव यायचं. थर निघाला नाही की उघड्या मुठीने हाणायचे. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटायची आणि काचेवर लाल रेघ गोठून राहायची.

"मामू, हातमोजे घाला."

"मोज्याने मारला तर त्याला लागत नाय."

एवढं मात्र खरं, की मी आल्यापासून मामूंची बस कधी काणी निघाली नाही. ते किल्ली मिळण्याच्या कितीतरी आधी बाहेरून भिडायचे. रात्री काचेवर पुठ्ठे आणि जुनं ब्लँकेट बांधून ठेवायचे, वायपर उभे करून ठेवायचे. आणि स्वतःची बस झाली की पाना घेऊन यार्डात फिरायचे. काणी गाडी हलताना दिसली की समोर उभे. हात वर. थांबली तर ठीक. नाही थांबली तर पाना.

काच फोडून काय साधलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. उत्तर अगदी हिशेबी होतं. "फुटक्या काचेची गाडी गेटवाला भायेर सोडत नाय."

आणि हे चालायचं कसं? तर ज्याची काच फुटली तो ऑफिसात जाऊन सांगायचा, गरम पाणी ओतलं. साहेबांनी नोटिसा लावल्या. काचेवर गरम पाणी ओतू नये. मग हिंदीत. मग उर्दूत. मग लाल अक्षरांत. काचा फुटतच राहिल्या. साहेब हताश होऊन मला म्हणाले, "अहो, या लोकांना साधं भौतिकशास्त्र कळत नाही."

सगळ्यांनीच मुकाट्याने खोटं बोलावं असं नव्हतं. पाण्याच्या टँकरवरचा एक धिप्पाड पठाण होता. त्याची काच फुटली तेव्हा तो खाली उतरला आणि त्याने मामूंच्या तोंडावर असा ठोसा मारला की नाकाचं हाड मोडल्याचं मला चार गाड्या अलीकडे ऐकू आलं. मामू पडले नाहीत. त्यांनी डोकं त्याच्या पोटात घातलं. दोघे बर्फाळ खडीवर लोळले. मामूंनी त्याचा कान दातांत धरला होता. चार जणांनी ओढून वेगळं केलं, तेव्हा दोघांच्या तोंडाला रक्त होतं आणि कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. पठाण हिंदीत ओरडत होता, याला पोलिसांत देतो, याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, फाडतो, याला घरी पाठवतो.

त्या शेवटच्या शब्दांवर मामू थिजले. मी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. मोडक्या नाकाने ते पठाणाला म्हणाले, "मार और. लेकिन घर मत भेज."

पठाणाने उगारलेला हात खाली घेतला. कुणीतरी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. तो ऑफिसात गेला आणि त्यानेही गरम पाण्याचंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या टँकरची अख्खी काच घासली, आणि जाता जाता मामूंना नाकावर लावायला मलम देऊन गेला.

मला कळेना. आखातात घर सोडून कुढणारी माणसं मी पाहिली होती. घरी पाठवतील म्हणून असा गळून जाणारा माणूस पाहिला नव्हता.

ते त्यांनीच सांगितलं. साइटवर दुपारी बस उभी होती, मी त्यांच्या नाकाची पट्टी बदलत होतो. बसमध्ये आम्ही दोघेच.

"अब्बास म्हायतीय तुला?" ते म्हणाले. मला नाव ऐकून माहीत होतं. काही हिवाळ्यांपूर्वी यार्डात मेलेला टायरवाला.

अब्बास मामूंच्याच गावचा. घरं एकाच आळीत, समोरासमोर. दोघे बरोबर सौदीत आले, एकाच खोलीत राहिले. रोज पहाटे मामू डावीकडून आपला डोळा काढायचे आणि अब्बास बंपरवर चढून उजवी बाजू खरवडायचा. त्याचं ते काम नव्हतं. दोस्ती होती. झालं की तो खाली उतरून पत्र्यावर दोन थापा मारायचा. थापा म्हणजे निघ.

"त्या दिवशी चावी उशिरा मिलाली. मागं साहेबांचा हॉर्न चालूच. बसमधली मान्सं थंडीने काकडलेली, वरडत होती, यल्ला यल्ला. अब्बासच्या खरवडन्याचा आवाज थांबला. मना वाटला, झाला त्याचा. आणि पत्र्यावर थापा पडल्या. दोन." मामूंनी सीटच्या लोखंडावर हाताने दाखवल्या. "मी गेर टाकला."

थापा आतून पडल्या होत्या. कुणीतरी उशीर होतो म्हणून चिडून पत्र्यावर हात मारला होता. अब्बासच्या हातून डब्याचं झाकण पडलं होतं आणि ते उचलायला तो बसच्या उजव्या कोपऱ्यासमोर वाकला होता. उजवी काच अर्धी पांढरी.

"दगडावर चाक गेल्यागत झाला. मी आनखी गेस दिला."

मी पट्टी हातात धरून बसलो. बाहेर क्रेन शिट्टी मारत होती.

मामू काही काळ तुरुंगात राहिले. अब्बासच्या बायकोने इथल्या कायद्याला लागते तशी माफी गावाहून लिहून पाठवली, तेव्हा सुटले. कंपनीने त्यांना दुसरीकडे पाठवायचं ठरवलं होतं. त्यांनी हातापाया पडून हेच यार्ड मागून घेतलं, आणि तेव्हापासून घरी गेले नव्हते. सुट्टी आली की विकायचे.

"तिनं शिवी दिली असती, थुकली असती, तर गेलो असतो मी," ते म्हणाले. "तिनं माफी दिली. माफी दिलेल्या मान्साम्होरं कसा जाऊन उभा ऱ्हाऊ? तिचं दार माझ्या दारासमोर हाय. दार उघडला की ती."

मग म्हणाले, "आनि येक. तो वाकलेला असनार. बस हलली तेव्हा त्यानं मान वर केली असनार. त्यानं मना बघितला असनार. मीच हाय बोलून बघितला असनार. तेवढाच मना झोपू देत नाय."

आता तुम्हाला कळलं असेल, की प्रत्येक काच फोडताना तो माणूस काय पणाला लावत होता. एखादा ड्रायव्हर फिरला, एक तक्रार गेली, की खुरूज, म्हणजे कायमची घरवापसी. त्या दारासमोर. तरी पाना खाली ठेवत नव्हता.

माझं घर सातपूरच्या कामगार वस्तीतलं. वडील कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायचे. अक्षरओळख मी त्या पत्रकांवर केली आहे, 'अ' अननसाचा नव्हे, अन्यायाचा. कागदावर माझा विश्वास आहे. लाठ्या खाऊनही वडिलांनी दगड उचलला नव्हता, कागदच उचलला होता. तेव्हा मी मामूंना म्हणालो, हे पान्याचं काम नाही, अर्ज करू. किल्ल्या लवकर द्या, एवढी एकच मागणी. मी अर्ज लिहिला, खोल्याखोल्यांतून फिरलो. काहींनी सह्या दिल्या, बरेच जण बाथरूमला गेले ते आलेच नाहीत. इथे संघटना करायला परवानगी नाही, हे मला दहा जणांनी दहा भाषांत समजावलं.

सकाळी तो कागद मी मामूंना दाखवायला नेला. ते बसमध्ये होते, श्वासाने काच आतून धुरकट झाली होती. त्यांनी कागद घेतला, उलटा केला आणि त्याने काच पुसली.

"बघ पत्रकवाल्या. कामाचा हाय तुझा कागद."

मी भडकलो. म्हणालो, तुमच्यासारख्यांमुळेच काही होत नाही. तुम्ही एकेक काच फोडत बसता, नियम तसाच राहतो.

"मग तू नियम फोड. मी काच फोडतो. बघू कोन पयला दमतो."

मी अर्ज पुन्हा लिहिला, पुन्हा सह्या घेतल्या. साहेबांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "तळमळ आवडली. पण वर पाठवलं तर या सह्या केलेल्यांनाच त्रास होईल हो. मला वाईट वाटेल." आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. हात न उगारता मारणं म्हणजे काय, हे मी त्या केबिनमध्ये शिकलो. तुम्हीही अशा केबिनीत कधीतरी बसला असाल.

मग ती पहाट आली.

थंडी अशी की नळातलं पाणी गोठलं होतं. किल्ल्या नेहमीपेक्षाही उशिरा मिळाल्या. धुकं होतं, माणसं बसकडे मान खाली घालून चालली होती. साहेबांना कुठेतरी मीटिंग होती. त्यांची पांढरी मोठी गाडी ऑफिससमोर सुरू झाली. त्यांनी स्वतःच आपला डोळा काढला होता, नीटनेटका, बँकेच्या कार्डाने. बाकी काच पांढरी. उजवीकडून माणसांची रांग जात होती.

मामू गाडीसमोर गेले. डावीकडे, डोळ्यासमोर उभे राहिले. हात वर केला. साहेबांनी हॉर्न दिला. मामू हलले नाहीत. साहेबांनी काच खाली करून सांगितलं, "अहो, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"उजवी बाजू पुसा साहेब."

"वाटेत वितळेल ती." त्यांनी काच वर केली.

मामूंनी मान डोलावली आणि ते बाजूला झाले. निदान साहेबांना तसं वाटलं. मी बसच्या पायरीवरून पाहत होतो. मामू गाडीच्या पुढून चालत उजव्या कोपऱ्यापाशी गेले आणि तिथे वाकले. खाली काहीतरी उचलायला वाकतात तसे. आणि मान वर करून त्यांनी काचेकडे पाहिलं.

मी ओरडलो. गाडी हलली.

बंपर त्यांच्या खांद्याला लागला. ते मागे फेकले गेले, डोकं खडीवर आपटलं. रांगेतल्या माणसांनी बोंब मारली तेव्हा ब्रेक लागला. चाक त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर होतं.

मामू उठले. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यांनी पडलेला पाना घेतला आणि काच फोडली. एकदा नाही. डावी बाजू, उजवी बाजू, मग दाराची काच, ती तर पावसासारखी खाली आली. त्या भगदाडातून हात घालून त्यांनी साहेबांची कॉलर धरली, त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि त्यांचं तोंड समोरच्या काचेच्या उजव्या बाजूवर दाबलं, जिथे बर्फ अजून तसाच होता. भेगांच्या कडा गालात घुसल्या.

"आता दिसतंय काय, साहेब?"

साहेब किंचाळत होते. मामूंचा आवाज चढला नव्हता.

"हितं मी होतो. दिसतंय?"

सिक्युरिटीवाले आले. पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिणार. चौघांनी त्यांना खाली पाडलं. बूट बरगड्यांत, बूट पाठीत. एकाने तोच पाना घेऊन त्यांच्या उजव्या हातावर मारला, त्या पंजावर. मी मध्ये पडलो, माझा ओठ फुटला, एक दात गेला. माझ्या हाताने मी एका सिक्युरिटीवाल्याचा गळा धरला होता, आणि सोडायची मला अजिबात इच्छा नव्हती. वडिलांनी हे वाचलं तर वाचू द्या. पठाण टँकरवाला शिव्या देत धावत आला आणि मामूंच्या अंगावर आडवा पडला, तेव्हा कुठे बूट थांबले.

पोलीस आले नाहीत. साहेबांनी तक्रारच केली नाही. तक्रार केली असती तर गाडी माणसाच्या अंगावर कशी गेली हेही सांगावं लागलं असतं. सगळं सभ्यपणे मिटवलं गेलं. मामूंचा खुरूज लागला.

ते जाईपर्यंत त्यांना कॅम्पच्या एका खोलीत ठेवलं होतं. बाहेर पहारा. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने मला सोडलं. मामू पलंगावर बसले होते, हात प्लास्टरमध्ये, चेहरा सुजून वांग्यासारखा. मी म्हणालो, मामू, केस करू. गाडी तुमच्या अंगावर आली, साक्षीदार आहेत, मी आहे. घरवापसी थांबवता येईल.

"नको थांबवू," ते म्हणाले.

"घरी जायचं नव्हतं ना तुम्हाला?"

ते हसले. ओठ फाटला असल्यामुळे ते हसणं बघवत नव्हतं.

"मी खाली वाकलो ना, तवा मान वर केली. काचेकडं बघितला." प्लास्टरमधला हात त्यांनी जमेल तितका उचलला. "पांढरी. भायेरनंपन पांढरीच दिसते रे. आत कोन हाय, काय दिसत नाय. साहेब हाय की शैतान हाय, काय नाय दिसत."



"अब्बासनं मना बघितला नाय," मामू म्हणाले. "मी त्याला बघितला नाय, तसा त्यानंपन मना बघितला नाय. ह्या काचेशी येवढं भांडलो, आनि येकदा तिच्याम्होरं वाकून बघितला नव्हता." मग भिंतीकडे तोंड करून, "जातो आता मी घरी."

त्यांचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी. "काय पत्रकवाल्या, नियम फुटला काय?" हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, नाही अजून. म्हणाले, "दात बसवून घे आधी. दाताशिवाय भाषन कसा करनार?" मागे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं.

मग स्वतःच सांगितलं. पोचले त्याच दिवशी समोरच्या घरी गेले होते. आपल्या घरात पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.

"दार तिनंच उघडला. माझ्या हाताकडं बघितला, तोंडाकडं बघितला. बसा बोलली. चा दिला. डाव्या हातानं पिता येत नव्हता, तर बशीत वतून दिला."

"आणि?"

"आनि काय. मी त्या बर्फाचा, काचेचा सगला सांगितला. मग बोलली, भाऊ, तिकडं येवढी थंडी असते? मी बोल्लो, असते. बोलली, फोनवर तर कधी बोलले नाय ते. नेहमी बोलायचे, मस्त हवा हाय."

फोन चालूच होता, कोंबडी ओरडत होती.

या हिवाळ्यात मी अजून याच यार्डात आहे. नवा अर्ज केला आहे. या वेळी सह्या मागायला मला फिरावं लागलं नाही, पठाण सगळ्यात आधी आला. किल्ल्या आता आधी मिळतात, फार नाही, पण काच पुसण्यापुरत्या. ते अर्जामुळे झालं की पान्यामुळे, यावर खोल्यांतून वाद चालतो, आणि मी त्या वादात दोन्ही बाजूंनी बोललो आहे. बसमध्ये पत्र्यावर थापा मारायला मात्र कुणाचा हात उचलत नाही. नव्या माणसाने हात उचलला तर शेजारचा तो धरतो.

काल पहिला मोठा बर्फ धरला. साहेब आपल्या गाडीपाशी उभे होते. गालावरचे वण थंडीत पांढरे दिसतात. त्यांनी डावी बाजू साफ केली, कार्ड खिशात ठेवलं, दार उघडलं. मग थांबले. यार्डभर एकदा नजर फिरवली, पाना घेतलेलं कुणी आहे का ते पाहिल्यासारखी. कुणी नव्हतं. तरी त्यांनी कार्ड पुन्हा काढलं आणि उजव्या बाजूला गेले. पश्चात्ताप होता की भीती, मला माहीत नाही. भीती असली तरी माझी हरकत नाही, मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला ती पश्चात्तापाइतकीच उपयोगी पडते.

वडिलांच्या पत्रकांच्या शेवटी नेहमी 'विजय असो' असायचं. इथे तसं काही लिहिण्यासारखं झालेलं नाही. साहेब उजव्या बाजूची काच खाली, अगदी रबरापर्यंत, घासत होते. मग आत जाऊन बसले, आणि गेअर टाकण्याआधी मान लांब करून त्यांनी त्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर पाहिलं, जिथे कुणी वाकलेलं असलंच तर दिसेल.

मी त्या कोपऱ्यासमोर उभा होतो. आम्ही एकमेकांना दिसलो.